फळाचा रकाना

2024 सालच्या जुलै महिन्यात, 22 तारखेच्या सोमवारपासून 28 तारखेच्या रविवारपर्यंत, नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला चार वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने, केंद्र सरकारच्या आदेशावरून देशभरच्या शाळांतून शिक्षण सप्ताह साजरा झाला. सोमवारी अध्ययन-अध्यापनाचे साहित्य, मंगळवारी मूलभूत साक्षरता व संख्याज्ञान, बुधवारी क्रीडा, गुरुवारी संस्कृती, शुक्रवारी कौशल्ये व डिजिटल उपक्रम, शनिवारी पर्यावरण व शालेय पोषण आणि रविवारी समाजाचा सहभाग, अशी वारांची वाटणी वरूनच ठरून आली होती; आणि प्रत्येक वारी काय घडले याचा अहवाल छायाचित्रांसह रुजू करावा, अशी त्या फर्मानाची पुरवणीही होती. पालघर जिल्ह्यात जुलैची अखेर म्हणजे भाताच्या आवणीचा ऐन हंगाम. आईबाप गुडघाभर चिखलात उभे, घरातली मोठी मुलगी तान्ह्याला कडेवर घेऊन बांधावर बसलेली, ओढ्याला पाणी चढल्यामुळे पलीकडच्या पाड्यावरची पोरे पलीकडेच राहिलेली. अशा दिवसांत बोईसरच्या पूर्वेकडील जिल्हा परिषदेच्या शाळांतून हा सप्ताह पार पडावयाचा, म्हणजे शिक्षकांना काय यातायात पडली असेल, याची कल्पना ज्याने ते रस्ते श्रावणाच्या तोंडावर पाहिले आहेत त्यालाच येईल.

सप्ताह साजरा करण्याला माझा आक्षेप नाही. आपल्या समाजाला सप्ताहाची सवय जुनी आहे. गावोगावच्या देवळांतून अखंड हरिनामाचे सप्ताह बसतात आणि काल्याच्या कीर्तनाने उठतात, आणि त्या सात दिवसांत कोणाला किती भक्ती प्राप्त झाली याचा तक्ता कोणी मागत नाही. शाळेच्या सप्ताहाला मात्र तो मागितला जातो. आजच्या शालेय दप्तरात ‘अध्ययन निष्पत्ती’ नावाचा एक रकाना असतो, आणि अमुक विद्यार्थ्याला अमुक गोष्ट साध्य झाली किंवा झाली नाही, हे त्यात नावानिशी भरावयाचे असते. हा रकाना पाहिला म्हणजे मनात जो प्रश्न उभा राहतो तो शिक्षणशास्त्राचा दिसला तरी मुळात धर्मविचाराचा आहे: एखाद्या मुलाला एखादी गोष्ट कळली, तर ते फळ कोणाचे? त्या मुलाचे, गुरुजींचे, सरकारचे, की कोणाचेच नव्हे?

कर्म आणि फळ यांचा संबंध आपल्या परंपरेने जितका बारकाईने तपासला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणी तपासला असेल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील फलत्यागाचा उपदेश सर्वांच्या तोंडी आहे, आणि अतिपरिचयामुळे तो बोथटही झाला आहे; पण अठराव्या अध्यायात याच विषयाचे जे थंड डोक्याने केलेले पृथक्करण आहे, त्याकडे सहसा कोणी वळत नाही. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव, आणि हे पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असा शेराही मारला आहे. हे पृथक्करण आपण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एखाद्या शाळेतील तिसरीच्या वर्गाला लावून पाहावे. ‘निपुण भारत’ अभियानाने 2021 साली जी लक्ष्ये ठरविली, त्यांप्रमाणे तिसरीच्या अखेरीस मुलाला मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचता आले पाहिजेत. आता उत्तर प्रदेशातून किंवा ओडिशातून आलेल्या कारखान्यातल्या कामगाराचे एक मूल आणि वर्गातल्याच दुसऱ्या बाकावर बसणारे वारली पाड्यावरचे एक मूल, ही दोन्ही प्रमाण मराठीचा धडा वाचावयास उभी राहिली, तर दोघांनाही ती घरची भाषा नव्हे. एकाचे 61 शब्द भरले आणि दुसऱ्याचे 40 भरले. पहिल्याच्या नावापुढे खूण झाली, दुसऱ्याच्या नावापुढची जागा रिकामी राहिली. परंतु पहिल्याच्या चाळीत रात्री दिवा होता, शेजारी एक मराठी काकू होती, आणि त्याच्या बापाची पाळी त्या वर्षी बदलली नाही; दुसऱ्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले तेव्हा तेही बरोबर गेले, आणि वर्गात परतले तेव्हा पुस्तक निम्मे उलटून गेले होते. अधिष्ठान वेगळे, साधने वेगळी, दैव तर पूर्णच वेगळे. पाच कारणांपैकी चार कारणे रकान्याबाहेर राहिली आणि उरलेल्या एकट्या कर्त्याच्या नावावर सगळा जमाखर्च मांडला गेला. गीतेच्या दृष्टीने पाहता हा हिशेबच चुकीचा आहे, मग आकडे कितीही बिनचूक असोत.

पण ही झाली कर्माची गोष्ट. ज्ञान हे कर्म तरी आहे काय?

बोईसरजवळच्या एका शाळेबाहेर, पावसाची सर ओसरण्याची वाट पाहत वळचणीला उभा असताना, मी एक प्रसंग पाहिला आहे. दुसरीतली एक मुलगी, दोन वेण्या, त्यांतल्या एकीची लाल फीत सुटलेली, बाईंचे बोट धरून उभी होती. समोर एस.टी. येऊन थांबली. मुलगी गाडीच्या कपाळावरच्या पाटीकडे नुसतीच पाहत होती, आणि पाहता पाहता तिचे ओठ हलू लागले: बो, ई, स, र. एकदा सुटे, एकदा जोडून. गाडी गेली तरी ती तिकडेच पाहत राहिली, आणि मग बाईंकडे वळून तिने विचारले, “बाई, हे रोज असंच लिवलेलं असतं?” बाई हसल्या आणि “हो गं, रोजच” एवढेच म्हणाल्या. मला त्या मुलीच्या प्रश्नातला रोख विलक्षण वाटला. आपण काही मिळविले असे तिला वाटलेच नव्हते. जे मुळातच तेथे होते ते आजवर आपल्याला दिसले कसे नाही, याचे तिला नवल वाटत होते.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात, चौथ्याच सूत्रावर, जो दीर्घ विचार केला आहे तो नेमका या नवलापाशी येऊन पोहोचतो. कर्माने साधावयाचे ते चारच प्रकारचे असू शकते, असे ते म्हणतात: जे नव्याने उत्पन्न करावयाचे, जे पालटून दुसरे करावयाचे, जेथे जाऊन पोहोचावयाचे, किंवा ज्याच्यावर संस्कार करून ते शुद्ध करावयाचे, आणि मोक्ष या चारांपैकी कशातच बसत नाही, म्हणून तो कोणत्याही कर्माचे फळ नव्हे. पुढे ते ज्ञान आणि क्रिया यांतील भेद दाखवितात. क्रिया माणसाच्या स्वाधीन असते. ती त्याने करावी, न करावी, किंवा निराळ्या रीतीने करावी. ज्ञान त्याच्या स्वाधीन नसते, ते वस्तूच्या स्वाधीन असते. उपनिषदात पुरुषाला किंवा स्त्रीला अग्नी मानून ध्यान करावयास सांगितले आहे. ते ध्यान ही क्रिया झाली, कारण ती आज्ञेवरून करता येते. पण चुलीतल्या धगधगत्या अग्नीला पाहून ‘हा अग्नी’ असे जे कळते, ते कोणाच्या आज्ञेने कळत नाही आणि कोणाच्या इच्छेने थांबतही नाही. आचार्यांचे लक्ष्य ब्रह्मज्ञान होते, प्राथमिक शाळेचे वाचन नव्हे, हे मला ठाऊक आहे, आणि कोणी मीमांसक मला अडवून म्हणेल की अक्षरे ओळखणे हे सवयीने होणारे कौशल्य असून ते सरळसरळ संस्कार्य वर्गात जाते. मान्य. अक्षरे घोटणे, बोट ठेवून वाचणे, रोज दहा ओळी लिहिणे, हे सारे कर्मच आहे, आणि ते करवून घेणे हा गुरुजींचा धर्म आहे. परंतु घोटून घोटून ज्या क्षणी चार सुटी अक्षरे एकवटून गावाचे नाव होतात, त्या क्षणी जे घडते ते घोटण्याच्या जातीचे नाही. घोटणे हुकमावरून होते, ते नाही. मंगळवारी साक्षरता दिवस आहे म्हणून ते मंगळवारी होईल, अशी तजवीज करण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला नाही.

ग्रीकांकडेही हा विचार आला होता. प्लेटोच्या ‘मेनो’ नावाच्या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला समोर बोलावतो, जमिनीवर एक चौरस काढतो, आणि दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कोणत्या रेषेवर उभा राहील हे केवळ प्रश्न विचारीत विचारीत त्या अशिक्षित मुलाच्या तोंडून वदवितो. आणि मग म्हणतो, पाहा, मी याला काही शिकविले नाही, याच्यात होते तेच याला आठवले. पूर्वजन्मीच्या स्मरणाचा सॉक्रेटिसचा सिद्धांत आपण स्वीकारो वा न स्वीकारो, शिकविणाऱ्याने फळावर हक्क सांगू नये हा त्यातला विनय मनाला पटतो. परंतु या कथेतली एक गोष्ट मला नेहमी टोचते. एवढा मोठा सिद्धांत ज्याच्या डोक्यावर उभा केला त्या मुलाचे नाव प्लेटोने दिलेले नाही. भूमितीचा साक्षात्कार होऊनही तो गुलामच राहिला.

आणि येथेच, माझ्या म्हणण्याविरुद्धचा पक्ष, जो मला सर्वांत बळकट वाटतो, तो उभा राहतो. आणि तो याच जिल्ह्याच्या मातीतून उभा राहतो. ज्ञान कोणाचे नसते, फळ कोणाचे नसते, रकाने फाडून टाका, हे म्हणणे ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विद्या नांदली त्यांना शोभून दिसते. ज्यांची नावे कोणत्याच रकान्यात कधी नव्हती त्यांनी हे का ऐकावे? डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत, लग्नासाठी चार पैसे कर्जाऊ घेऊन त्यांपायी नवराबायकोने सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, अशी लग्नगड्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते म्हणून फेडलेले कर्ज फिटत नव्हते, आणि अंगठा हीच वारल्याची सही होती. 1945 साली झरीच्या सभेत वेठ न करण्याचा निश्चय झाला आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ती मोडून काढली. त्याच 1945 साली, त्याच पट्ट्याच्या किनाऱ्यावर, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दोन्ही कार्यांचे मार्ग भिन्न होते, आणि परस्परांविषयीचा आदर किती होता याचा निवाडा करणे येथे अप्रस्तुत आहे. पण ज्यांना कोणी मोजले नव्हते त्यांना माणसांत मोजावे, हा हेतू दोहोंतही होता. तेव्हा मोजणे हे पाप नव्हे. ज्या पाड्यावर शाळेत न जाणारी मुले किती याची गणती होत नाही, त्या पाड्यावर शाळा होत नाही. कारकुनाच्या दप्तरात जे नाही ते सरकारच्या लेखी अस्तित्वातच नाही.

हा पूर्वपक्ष मी नुसता ऐकून घेत नाही, मान्य करतो; आणि मान्य करूनच एक भेद करू इच्छितो. हजेरीपत्रकात नाव असणे ही एक गोष्ट आहे आणि फळाच्या रकान्यात नाव असणे ही दुसरी. हजेरीतले नाव हे हक्काचे नाव आहे. हे मूल आमचे आहे, याला जागा, पाटी, जेवण आणि शिक्षक देणे आम्ही लागतो, अशी ती समाजाने लिहून दिलेली कबुली आहे. फळाच्या रकान्यातले नाव हा उलट दिशेचा दावा आहे. त्यात देणेकरी मूल होते. त्याने काहीतरी दाखवावयाचे, म्हणजे शाळेला, केंद्राला, तालुक्याला आणि जिल्ह्याला ते दाखविता यावे. या दोन नावांची गल्लत झाली म्हणजे ज्याचा हक्क बुडाला तोच अपराधी ठरतो. मघाच्या वीटभट्टीवरच्या मुलाचे हेच झाले.

ताराबाई आणि अनुताईंना हा भेद कोणी शिकविला असेल तर तो वारल्यांच्या पोरांनीच. बालवाडी उघडली, साहित्य मांडले, पण मुले येईनात. कारण थोरली गुरांमागे जात आणि धाकटी कोणाच्या तरी कडेवर असत. येत नाहीत म्हणून मुलांच्या नावापुढे शून्य मांडण्याऐवजी या बायकांनी शाळाच उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेऊन ठेवली; ती अंगणवाडी. गुरे चरतात त्या माळावर नेली, ती कुरणशाळा. 1957 साली हे सारे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी विकासवाडी तेथे आकाराला आली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून केंद्र सरकारने देशभर जी बालविकास योजना चालविली, तिच्या प्रत्येक केंद्राला आज अंगणवाडी म्हणतात, याचा उगम बोर्डीच्या त्या गैरहजेरीत आहे. ताराबाई ज्या गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आल्या, त्या दोघांनी माँटेसरीबाईंची पद्धत मनापासून आत्मसात केली होती. आणि माँटेसरीबाईंनी तर 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत उघडलेल्या पहिल्याच बालगृहातील एक मासला नोंदवून ठेवला आहे. शहाण्या मुलाला पदक दिले होते आणि खोडकर मुलाला शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविले होते. पदकवाला आपल्या कामात इतका गर्क, की येरझारांत ते खाली पडले तरी त्याला त्याचे काही नाही. ते खुर्चीवरच्या मुलाने मागितले, तेव्हा खुशाल घे म्हणाला. कामात रमलेल्याला ते नको होते, आणि रिकामा बसविलेला त्यावर खूश होता. बक्षिसांच्या शास्त्रावर याहून मार्मिक टिपण मी वाचलेले नाही.

फळ कोणाचे, या प्रश्नाचे वारल्यांकडे एक उत्तर पूर्वीपासून आहे, आणि ते कोणत्याही भाष्यात लिहिलेले नाही. शेतात राबतो तो माणूस, पण धान्य ही कणसरी देवी आहे. म्हणून नवे पीक आले की ते देवांना दाखविल्यावाचून तोंडाला लावावयाचे नाही. यात श्रमाची अवहेलना नाही. आवणीच्या चिखलात कंबर मोडून घेणाऱ्याला श्रम काय असतात हे शिकविण्याचे कारण नाही. पण श्रम माझे आणि दाणा तिचा, ही जी वाटणी तो करतो ती अठराव्या अध्यायातील पाचव्या कारणाची ओळख पटल्याखेरीज होत नाही. गुरुवारच्या संस्कृती दिवशी अनेक शाळांच्या भिंतींवर वारली चित्रे काढली गेली असतील, तारपा नाचही झाले असतील. त्या चित्रांतील त्रिकोणी माणसे सगळ्यांना येतात. त्यांच्यामागचा हा विचार शुक्रवारी कोणाच्या उपयोगी पडला की नाही, कोणास ठाऊक!

मग अहवाल लिहावा तो कसा? नमुना आपल्या दाराशीच आहे. तारापूरला लागून असलेल्या चिंचणी गावी राष्ट्रकूट काळातील ताम्रपट सापडले, त्यांतला एक शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा, तिसऱ्या इंद्राच्या अमदानीतला आहे. संजाणचा कारभार तेव्हा राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती सुगतिप नावाचा अरब मुसलमान अधिकारी पाहत होता. या अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा चालविल्या आणि वाटसरूंना साळीचा भात, कालवण व तूप मिळेल असे अन्नछत्र घातले, अशी नोंद त्या पटात आहे. एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला जमीन मिळाल्याचाही दाखला त्यात आहे. सोयींविषयी तांब्यावर कोरले ते एवढेच: कोणी कोणती सोय केली. नावेतून किती जण उतरले आणि जेवून किती जण तृप्त झाले, याचा तपशील दिलेला नाही. तरीही हजार वर्षांनंतर तो कारभार चांगला होता असे आपण निःशंकपणे म्हणतो. शाळेनेही आपल्या सोयींचा असा पट लिहावा: वर्षात शिक्षक प्रत्यक्ष किती दिवस वर्गात उभे राहिले आणि किती दिवस अन्य सरकारी कामांवर गेले, पावसाळ्यात ओढा ओलांडण्याची काय व्यवस्था होती, वीटभट्टीवर गेलेल्या मुलांमागे पुस्तके गेली की नाही, वारली बोलीतून पहिलीचा वर्ग चालविणारे कोणी होते काय. ही सर्व क्रिया आहे, ती करणाऱ्याच्या स्वाधीन आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल जाब विचारता येतो. मुलाच्या कळण्याबद्दल विचारता येत नाही. एखाद्या मुलाचे वाचन कोठे अडते हे शिक्षकाने जरूर टिपून ठेवावे. पण ते टिपण वैद्याच्या टिपणासारखे त्या मुलाच्या उपचारासाठी असावे, आणि वर्गाच्या भिंतीवर किंवा जिल्ह्याच्या क्रमवारीत ते लागू नये.

असा सप्ताह पुन्हा केव्हातरी येईलच. सरकारे बदलली तरी सप्ताह बदलत नाहीत. त्या वेळी पालघर, बोईसर, तारापूर आणि डहाणूकडील मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. छायाचित्रे लावावीत, वारांप्रमाणे उपक्रमही लिहावेत, पण अहवालाच्या पहिल्या पानावर त्या आठवड्यात जी मुले शाळेत आली नाहीत त्यांची नावे, आणि प्रत्येक नावापुढे ते मूल का आले नाही याचे खरे कारण लिहावे. आणि केंद्रप्रमुखांनी बाकीची पाने उलटण्यापूर्वी तेवढ्या पानावर काय तजवीज करता येईल ते पाहावे.